आमलेटमधलं शेवाळ

"तुमचं घड्याळ फार जोरात चालतं," तो म्हणाला.

शीर शोधता शोधता तो माझ्या मनगटाकडे बघत होता. मनगटावर घड्याळ नव्हतंच.

"ते घड्याळ नाही. मी आहे."

त्याने मान वर केली. लॅबची रक्त घ्यायची खोली एवढीशी, एक खुर्ची, एक टेबल आणि कापसाचा डबा. त्यात पंखा बंद. अशा शांततेत माझ्या छातीतली धातूची झडप टिकटिकते. ती ऐकू आली की लोक एक तर घाबरतात, नाहीतर कीव करतात. नेहमीच्या बाई रजेवर होत्या आणि हा नवा माणूस यातलं काहीच न करता डोळे मिटून ऐकत राहिला.

"शीर मिळाली का?" मी जरा तुटकपणे विचारलं.

"मिळाली कधीच. ऐकत होतो."

रक्त दिलं, जिना उतरले, आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की सुई टोचल्याचं मला कळलंच नव्हतं. याचा मला राग आला. मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते.

तीन वर्षांपूर्वी माझी झडप बदलली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ करणारी गोळी, आणि दर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी. रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा एक आकडा येतो. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. वर गेला तर साध्या खरचटण्यानेही रक्त वाहत राहणार. खाली आला तर झडपेवर गुठळी धरणार, ती मेंदूत गेली की पक्षाघाताचा झटका. आणि माझा धंदा काय, तर काच कापायचा. बाबांचं चित्रांना फ्रेम करायचं दुकान मी चालवते. दुकान दादाच्या नावावर आहे, हात मात्र माझे आहेत.

गेले चार महिने आकडा नुसता उड्या मारत होता. एकदा तीन, एकदा पावणेदोन, मध्येच अडीच, पुन्हा धाडकन खाली. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "गोळी चुकते का?" आईने विचारलं, वहिनीने विचारलं. दादाने तर विचारलंही नाही, ठरवूनच टाकलं. "आणखी एक रिपोर्ट वाईट आला तर काच बंद. गोळ्यासुद्धा सांभाळता येत नाहीत तुला, दुकान काय सांभाळणार? घरी बस, आम्ही जपू तुला."

मी एकही गोळी चुकवली नव्हती. पण हे कोणाला पटत नव्हतं. आणि दुकान गेलं असतं तर मी जन्मभर कपाटात ठेवायची वस्तू झाले असते... तेवढ्यासाठी काही मी छाती उघडून घेतली नव्हती.

रिपोर्ट आणायला गेले तेव्हा खिडकीत तोच होता. आकडा होता एक पूर्णांक सात.

"विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"गोळी चुकवली का ते."

"नाही चुकवली तुम्ही."

मी भांडायच्या तयारीने आले होते. "कशावरून?"

"चुकवणारी माणसं रिपोर्ट घेताना माझ्याकडे बघत नाहीत. तुम्ही तर कमरेवर हात ठेवून उभ्या आहात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही म्हणताय ना नाही चुकवली? मग नाही. दुसरं काहीतरी आहे. जेवणात काय असतं?"

"सगळे खातात तेच. हिरव्या भाज्या मोजून."

"हं..." त्याने पेन गालाला टेकवलं. गालावर शाई लागली. मी सांगितलं नाही. दिवसभर तो तसाच फिरला असणार, या विचाराने मला घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं.

दादाला रिपोर्ट दाखवला. त्याने दुकान आवरायला एक तारखेपर्यंतची मुदत दिली.

दोन दिवसांनी लॅबमधला तो, फॉर्मवरचा पत्ता शोधत, दुकानात आला. बाहेर रिपरिप चालू होती, आणि याने छत्री स्वतःवर न धरता काखेतल्या गुंडाळीवर धरली होती. गुंडाळीत चित्र होतं, झोपलेल्या मांजराचं.

"खोलीत लावायचंय. लोकांना सुईकडे बघवत नाही, मग ते माझ्याकडे बघतात, आणि माझा हात हलतो."

"सगळ्यांनी बघितलं की हलतो?"

"नाही," तो मांजराकडे बघत म्हणाला. "सगळ्यांनी नाही."

मी काच टेबलावर घेतली. पट्टी लावली, कटर ओढला, किर्र आवाज झाला, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाब देऊन काच मोडली. तो श्वास रोखून बघत होता, पण 'जपून' म्हणाला नाही. तीन वर्षांत माझ्या हातात काच असताना हा शब्द न उच्चारलेला तो पहिला माणूस. त्या क्षणी मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, आवडलाच.

"जेवलात?" मी विचारलं. "डब्यात आमलेट आहे. अर्धं देईन, पूर्ण नाही."

आम्ही समोरासमोर स्टुलांवर बसलो. दुसरा घास घेताना तो थांबला.

"हे काळं काळं काय आहे?"

"मिरी. आईला मिरीचं वेड आहे."

"मिरी तिखट लागते. हे... खारट लागतंय. आणि समुद्रासारखा वास येतोय."

त्याने एक कण नखाने काढला, काचेच्या तुकड्यावर ठेवला आणि भांड्यातल्या पाण्याचा थेंब वर सोडला. मी आणि तो टेबलावर वाकलो. आमची डोकी जवळजवळ लागली होती आणि दोघांनीही मागे घेतली नाहीत. तो काळा कण हळूहळू मऊ झाला, उलगडला, आणि थेंबाच्या आत चक्क एक हिरवं पान पसरलं.

"शेवाळ," तो म्हणाला. "समुद्रातलं. वाळवून चुरलेलं."

मी स्टुलावर मागे टेकले. आमच्या फ्रिजच्या दारावर चार महिन्यांपासून वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलेलं आहे. रोज शेवाळ खाणाऱ्यांना हृदयविकार आणि पक्षाघात कमी होतात असं दिसतंय, अशी बातमी. मी ते रोज पाणी पिताना वाचत होते.

"म्हणजे बातमी खोटी?"

"खोटी कशाला असेल? चांगलंच असतं ते. पण ती बातमी तुमच्यासारखी गोळी घेणाऱ्यांसाठी नव्हती. शेवाळात व्हिटॅमिन के असतं, रक्त गोठायला मदत करतं ते. गोळी एका बाजूने ओढते, हे दुसऱ्या बाजूने."

"पण मग आकडा सारखाच खाली राहायला हवा. वर-खाली का?"

मी विचारलं आणि उत्तर मलाच मिळालं. वहिनी स्वयंपाक करते तेव्हा शेवाळ नसतं. आई करते तेव्हा असतं. आणि रिपोर्ट वाईट आला की आई घाबरते, घाबरली की चमचा मोठा होतो. मला झटका येऊ नये म्हणून ती बिचारी मला झटक्याच्या दारात नेऊन उभी करत होती.

मी शटर ओढलं. "चला."

"कुठे?"

"घरी. साक्षीदार हवाय मला."

"अहो, लॅबची माणसं अशी पेशंटच्या घरी जात नाहीत..."

"मांजर फ्रेम करून हवंय ना?"

तो मुकाट्याने निघाला.

आईने तांदळाच्या डब्यामागून बरणी काढली. नाकारलं नाही, नुसती बरणी हातात धरून उभी राहिली. त्याने तिला सगळं हळू आवाजात समजावलं, डॉक्टरबाईंना फोन लावून त्यांच्याशीही बोलायला लावलं. फोन ठेवल्यावर आई खुर्चीत बसली.

"म्हणजे मीच..."

"मला सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तू खाल्लं असतंस? हॉस्पिटलातून आलीस त्या दिवशी काय म्हणालीस? औषध म्हणून काही वाढलंस तर ताट सरकवून देईन. मग मी काय करायचं होतं गं? मला भीती वाटते ती मी कुठे ठेवायची?"

म्हणाले होते मी तसं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बरणी तिच्या हातातून घेतली.

दादा मात्र दारात उभा राहून न्यायाधीश झाला होता. "चला, कळलं एकदाचं. शेवाळ बंद. आणि काचही बंद. उगाच धोका कशाला?"

"दोन्ही चालू राहणार," मी म्हटलं.

"काय?"

"डॉक्टरबाई आत्ता काय म्हणाल्या? खायचं तर रोज तेवढंच खा, त्यावर गोळी बसवू. आई रोज एक छोटा चमचा घालेल, माझ्या डोळ्यांदेखत. वहिनी करेल तेव्हाही तेवढाच. दर आठवड्याला मी रक्त देईन. आणि दुकान उद्या दहाला उघडेल."

"आणि काही झालं तर?"

"तुला रस्ता ओलांडताना काही झालं तर? तुला बांधून ठेवते का मी घरात? ते राहू दे. तू आधी म्हण, की मी गोळी चुकवली नव्हती."

दादा छताकडे बघायला लागला. वहिनी म्हणाली, "म्हणा ना, जीभ झिजणार आहे का?"

"नव्हती चुकवली," तो पुटपुटला.

"मोठ्याने."

"नव्हती चुकवलीस, बाई. झालं?"

झालं. आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. साक्षीदार खिशात रुमाल शोधत होता. सापडला नाही, म्हणून त्याने कापसाचा बोळा पुढे केला.

डॉक्टरबाईंनी गोळी थोडी वाढवली. पहिल्या आठवड्यात आकडा दोन पूर्णांक तीन. मग दोन पूर्णांक सात. मग अठ्ठावीस... म्हणजे दोन पूर्णांक आठ, पण आम्ही आता परीक्षेच्या मार्कांच्या भाषेत बोलायचो. दर सोमवारी सकाळी मी, तो आणि भिंतीवरचं मांजर. रक्त घ्यायला दोन मिनिटं लागतात. आम्हाला वीस लागायची. बाहेर रांगेतले आजोबा काठी आपटायचे.

सहाव्या सोमवारी तो रिपोर्ट हातात धरून बसला होता. चेहरा पडलेला.

"बिघडला?" मी विचारलं.

"नाही. सलग पाचवा चांगला आलाय. आता... महिन्याने आलात तरी चालेल."

"मग तोंड का असं?"

"महिन्याने म्हणून."

बाहेर काठी आपटली गेली. कोणी लक्ष दिलं नाही.

"सोमवार सोडून बाकीचे सहा दिवस दुकान उघडं असतं," मी म्हटलं. "सोमवारीसुद्धा असतं खरं तर."

तो हसला नाही. "घरी सांगितलं मी तुमच्याबद्दल. आई नाही म्हणाली. तुम्हाला बघितलेलं नाही तिने, झडपेबद्दल ऐकलं फक्त. म्हणते, अशी मुलगी... किती वर्षं पुरेल?"

माझे कान तापले. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, किती वर्षं ते मला माहीत नाही. माझीही माहीत नाहीत. पण असतील तेवढी मला हिच्याबरोबर हवीत." तो टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होता, मग त्याने डोळे वर केले. "तुम्हाला विचारायच्या आधी आईला सांगून बसलो. चुकलंच. तुम्हाला... तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, रविवारी तू घरी थांब," मी म्हटलं, आणि त्याचा हात हातात घेतला. "आणि मध्ये बोलू नकोस."

रविवारी अकरा वाजता मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. दार त्याच्या आईने उघडलं. बारीक चणीच्या, केसांत कंगवा तसाच अडकलेला.

"कोण पाहिजे?"

"तुम्हीच. ती झडपेवाली मुलगी मी. तुमच्या मुलाशी मी लग्न करणार आहे, तुम्ही नको म्हणालात तरी." छाती टिकटिक करत होती, त्यांना ऐकू जात असणार. जाऊ दे. "पण तुम्हाला जी भीती वाटते ती खरी आहे, हे मला माहीत आहे. आमच्या घरी आईने तिची भीती चार महिने माझ्या जेवणात लपवली. मला पुन्हा तसं नको. तुमची जी काय असेल ती मला तोंडावर सांगा."

आत कुठेतरी त्याने मध्ये बोलायला सुरुवात केली आणि थांबला. त्यांनी केसांतला कंगवा काढला, दारातून थोड्या बाजूला झाल्या.

"पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "दुपार जाईल. वेळ आहे का तुला?"

"आहे," मी म्हटलं आणि चपला काढल्या.