तिसऱ्यांदा मागितलेली क्षमा

दाराची साखळी काढलीच गेली नाही… आणि चार बोटांच्या त्या फटीतून भाचीचा अर्धा चेहरा तेवढा दिसला. रडून सुजलेला, मास्क गळ्यात लोंबकळत असलेला.

"आत्या… बाबा म्हणतात, तू जा."

"मी आत येत नाही गं. इथेच, तीन पायऱ्या खाली उभी राहते. एकच वाक्य बोलायचंय त्याच्याशी."

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग भावाचा. पण तो तिच्याशी बोलत नव्हता, लेकीला ऐकवत होता.

"विचार तिला, आता नाही का लागत आमचा रोग? महिन्यात धीट झाली वाटतं! आणि हेही सांग, की या घरात आता कोणी मरायचं शिल्लक नाही. तेव्हा उगाच जिने चढायची तसदी घेऊ नकोस म्हणावं!"

ताईने जिन्याचा कठडा घट्ट धरला. जे म्हणायचं होतं ते तिने त्या फटीकडे पाहूनच म्हटलं… "माझ्याकडून तुझं मन दुखावलं. मला क्षमा कर." दार बंद झालं.

ही पहिली वेळ.

त्यांच्या ज्यू समाजात हे दहा दिवस फार जड मानतात. नववर्ष होऊन गेलेलं असतं आणि प्रायश्चित्ताचा दिवस, तो पंचवीस तासांचा कडक उपवास, पुढे उभा असतो. देवाचं चुकलं तर देव क्षमा करतो, पण माणसाने माणसाचं केलेलं देव माफ करत नाही… त्या माणसाच्याच दारात जावं लागतं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदाही त्याने तोंड फिरवलं, तर मागणारा सुटतो आणि ते पाप क्षमा नाकारणाऱ्याच्या माथी बसतं.

तिला तेच नको होतं! स्वतःच्या पापाचं तिने पाहून घेतलं असतं. पण आई गेली तेव्हा सात वर्षांचा होता तो, आणि ती अठरा. आलेलं एकुलतं एक स्थळ "धाकट्याला वसतिगृहात ठेवा" म्हणालं, म्हणून तिने परत पाठवलं होतं. त्याच्या शाळेच्या चड्ड्या शिवता शिवता ती जगाच्या चड्ड्या शिवायला लागली आणि त्यातच केस पिकले. ज्याला तिने कधी तापही अंगावर काढू दिला नाही, त्याच्या माथ्यावर तिच्यामुळे पाप चढावं?

महिन्यापूर्वीची ती सकाळ… सातच्या सुमारास बाईंचा फोन आला होता. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि समाजातल्या मृत बायकांना शेवटची आंघोळ घालणाऱ्या गटाच्या प्रमुख. बारा जणींचा तो गट साथीत दोघींवर आला होता. साठीच्या पुढच्या बायकांना आत जायला मनाई होती. राहिल्या त्या दवाखान्यातली नर्स आणि ताई.

"ऐक," बाई म्हणाल्या, "तुझी भावजय पहाटे गेली. तू नाही म्हणालीस तरी तुला कोणी बोल लावणार नाही. पण मग ती पिशवीतून आली तशीच मातीत जाईल."

ताईने शिलाई मशीनवरचं कापड बाजूला केलं. "येते," एवढंच म्हणाली.

आणि तासाभरात भावाचा फोन! त्याच्या आवाजात तेच सात वर्षांचं पोर होतं. "ताई, मला एकट्याला माती टाकवणार नाही गं. फाटकाशी तरी ये. लांब उभी राहा, पण ये!"

काय सांगणार होती ती? गटात कोण कोण आहे हे बाहेर, आणि आंघोळ कोणी घातली हे मृताच्या घरच्यांना कधी सांगायचं नाही, हा त्या गटाचा नियम. सांगितलं की ते पुण्य राहत नाही, उपकार होतो, आणि घरच्यांना दर आठवड्याच्या प्रार्थनेला त्या बाईसमोर मान खाली घालावी लागते. शिवाय आंघोळ घातल्यावर तिला चौदा दिवस कोणाला भेटायचं नव्हतं… प्रार्थनागृहावरच्या पाहुण्यांच्या खोलीत एकटीनं राहायचं होतं. काहीतरी कारण हवं होतं, आणि तोंडातून निघालं ते असं:

"मला… मला भीती वाटते रे."

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

आणि ते खोटं तरी कुठे होतं? दफनभूमीमागच्या त्या लहानशा खोलीत प्लास्टिकच्या पोशाखात शिरताना ती एकदा उंबऱ्यावरून मागे फिरली होती. पालिकेच्या माणसाने अर्धा तास दिला होता. चेहऱ्यावरच्या काचेवर वाफ धरत होती. बाई खिडकीबाहेर उभ्या राहून प्रार्थना वाचत होत्या, आणि आत दोघींनी न बोलता एकेक केलं. जिला ताई लाडाने चिमणी म्हणायची, तिचा चेहरा… नको. तो चेहरा तिने कोणाला सांगितला नाही. नळ्यांच्या पट्ट्यांनी सोललेले गाल, कोणीतरी घाईत कसेही कापलेले केस. पांढरी वस्त्रं नेसवून झाल्यावर रिवाजाप्रमाणे दोघींनी तिला नावाने हाक मारली आणि आमच्या हातून काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा कर, असं म्हटलं.

मग पेटी बाहेर गेली. खोलीतून निघताना कोणी पाहू नये, म्हणून सगळे पांगेपर्यंत ताई आतच बसून राहिली. धुरकट काचेच्या खिडकीपलीकडे, तीस पावलांवर, तिचा भाऊ मृतांसाठीची प्रार्थना म्हणत होता. दोनदा त्याचा आवाज तुटला. दोनदा ती उठून उभी राहिली… आणि दोनदा खाली बसली!

समाजात बातमी पसरायला वेळ लागत नाही. ताई घाबरली. सख्ख्या भावजयीच्या मातीला आली नाही. एवढी देवभोळी, पण वेळ आली तेव्हा दाराला कडी! लोक तोंडावर बोलत नव्हते. पण शिवायला येणारे कपडे कमी झाले.

दुसरी वेळ आली ती प्रार्थनागृहाच्या अंगणात. उपवासाला दोन दिवस उरले होते. यंदा आत फक्त दहा पुरुषांना परवानगी होती. दहा नसले तर सामुदायिक प्रार्थनाच होत नाही, आणि अकरावा आला तर कायदा मोडतो. बाकीच्यांनी अंगणात, खडूच्या चौकोनांत खुर्च्या टाकून बसायचं. म्हाताऱ्या, आजारी माणसांनी घरीच. त्यांच्यासाठी पिशव्या भरणं चाललं होतं. मेणबत्त्या, मोठ्या अक्षरांत छापलेल्या प्रार्थना, आणि डॉक्टरांची चिठ्ठी, की औषध घेणाऱ्यांनी उपवास करू नये, न करणं हेच त्यांचं व्रत. सणाला फोन चालत नाही, म्हणून सूर्यास्ताआधी कोणी कोणाला फोन करायचा याची यादी बाईंनी भिंतीवर लावली होती. गेल्या सणाला त्या यादीत सत्तर नावं होती. आता एकोणसाठ.

दहावेकाका पिशव्यांना गाठी मारत होते. दहा माणसं भरायला एक कमी पडला की रस्त्यावरून त्यांना ओढून आणायचे, म्हणून हे नाव.

"काय दिवस आलेत बघा!" ते म्हणत होते. "चाळीस वर्षं दहावा म्हणून झोपेतून उठवून नेलं मला. आणि आता? अकरावा म्हणून हाकलतात!"

एकदोघं हसले. तेवढ्यात भाऊ फाटकातून आत आला, बसण्याच्या जागेची चिठ्ठी न्यायला. महिन्याभरात अंगावरचा कोट दुसऱ्या कोणाचा असावा तसा दिसत होता. ताईने हातातली पिशवी खाली ठेवली. सगळ्यांसमोर, अंतर राखून, म्हणाली,

"माझं चुकलं. मला क्षमा कर."

"लाज नाही वाटत?" तो इतक्या मोठ्याने ओरडला की पिशव्यांची खुडबुड थांबली. "परक्या बायका गेल्या आत! त्यांना लेकरंबाळं नाहीत? त्यांना जीव प्यारा नाही? कोण कुठल्या त्या, त्यांनी माझ्या बायकोला आंघोळ घातली… आणि तू! जी मला आईच्या ठिकाणी होती! त्या बायका उद्या भेटल्या तर मी त्यांचे पाय धरीन. पण तुझं तोंड मला दाखवू नकोस!"

नर्स पिशव्यांवर वाकून राहिली, वर बघेना. दहावेकाका उगाच खोकले.

तो गेल्यावर बाईंनी ताईला भिंतीच्या कडेला बोलावलं. "पुरे झालं आता. मीच सांगते त्याला. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात."

"नको, बाई."

"अगं, पण का? झिजत चालली आहेस तू!"

"सांगितलंत, तर तो पहिलं काय विचारील?" ताई म्हणाली. "कशी दिसत होती, हेच ना? मग मी काय सांगू? तुम्ही बाहेर होतात, बाई. मी आत होते."

बाई यादीतलं एक नाव उगाच पुन्हा गिरवत राहिल्या.

तिसरी वेळ. उपवास लागायला दोन तास उरले होते. ताईने आपल्या वाट्याचे सहा फोन केले, चार घास खाल्ले, पांढरी साडी नेसली, पायात चामड्याऐवजी कापडी चपला घातल्या आणि ती तो जिना चढली. आज नाही म्हणाला, तर संपलं… ती सुटेल, आणि तो कायमचा अडकेल. वाजवायला वर केलेला हात तिने दोनदा खाली घेतला. मग वाजवलं.

आत कुजबुज झाली. मग भाचीचा आवाज चढला.

"बाबा, ही तिसरी वेळ आहे! आता नाही म्हणालात तर पाप तुमच्या माथी. आणि मी काही खाणार नाही, सांगून ठेवते. उपवास आत्तापासूनच!"

साखळी खळकन पडली. भाऊ बाहेर आला आणि एकदम उंबऱ्यावरच बसला, शाळेतून मार खाऊन आलेल्या पोरासारखा. ताई तीन पायऱ्या खाली उभी होती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मला…"

"थांब." त्याने हात वर केला. "आधी माझं ऐक. रुग्णवाहिका आली ना, त्या दिवशी… तिने जाताना हात पुढे केला होता. माझ्याकडे. आणि मी, ताई… मी दाराआड उभा राहिलो. मास्क घालून, हात मागे बांधून! मला भीती वाटली गं. ती हसून म्हणाली, राहू द्या, येतेच आठवड्यात. मी हातसुद्धा धरला नाही तिचा…"

मागे भाचीने तोंडावर पदरासारखी ओढणी दाबली.

"तू फोनवर म्हणालीस, भीती वाटते. मला वाटलं कोणीतरी माझंच तोंड माझ्यासमोर धरलंय. महिनाभर तुला शिव्या देतोय, पण देत होतो मलाच. तुला क्षमा केली, ताई. मनापासून केली. मला कोण करणार?"

"मी करते रे!" ती दोन पायऱ्या चढली. एक राखली. "आईच्या ठिकाणी आहे ना मी? मग मी करते!"

बराच वेळ तो नुसता रडला. तिने त्याला रडू दिलं. खाली रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यांतली माणसं प्रार्थनागृहाकडे जायला लागली होती.

"ताई," तो डोळे पुसत म्हणाला, "त्या बायकांपैकी कोणी तुझ्या ओळखीची आहे? बाईंना विचारलं, त्या सांगत नाहीत."

"का?"

"काही नाही गं. वेडेपणा. एकच विचारायचं होतं… पाणी कोमट होतं का? तिला गार पाणी सोसायचं नाही. उन्हाळ्यातसुद्धा आधी बोट घालून बघायची."

त्या खोलीतला बंब साथ आल्यापासून बिघडलेला होता. दुरुस्तीला माणूस येत नव्हता. त्या सकाळी नळाला जे आलं, ते पाणी दुहेरी हातमोज्यांतूनही हाडाला लागत होतं, आणि तेच ताईने रिवाजाप्रमाणे तीन बादल्या, धार न तोडता, चिमणीच्या अंगावर ओतलं होतं.

"कोमटच असतं," ती म्हणाली. आवाज एवढासाही हलला नाही. "मी ऐकलंय ना बायकांकडून. आधी हात घालून बघतात, मगच ओततात. सगळ्यांसाठी कोमटच असतं, बाळा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि महिन्यात पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आले.

"चल," तो म्हणाला. "उशीर होईल."

सूर्य कलला तेव्हा अंगणातल्या खडूच्या चौकोनांत माणसं बसली होती. आत दहा जण. त्यांत भाऊ, आणि एकाला ताप आल्यामुळे आयत्या वेळी आत घेतलेले दहावेकाका. कितीतरी खुर्च्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या आणि त्या कोणाच्या हे कोणी विचारत नव्हतं. उघड्या खिडकीतून कबुलीची प्रार्थना ऐकू येऊ लागली. एकेका पापाचं नाव, आणि दर नावाला मूठ छातीवर. ती सगळ्यांनी मिळून म्हणायची असते, एकाचं पाप सगळ्यांचं मानून.

आम्ही अपराध केले… ताईची मूठ छातीवर पडली. आम्ही कठोर बोललो… पडली. आम्ही तोंड फिरवलं… पडली. आत भावाचा आवाज तिला वेगळा ओळखू येत होता, आज तो तुटत नव्हता.

आम्ही खोटं बोललो…

अंगणभर मुठी छातीवर पडल्या. ताईने आपली मूठ मांडीवरच ठेवली. त्या एका पापाची क्षमा तिला मागायची नव्हती.