हिरव्या ओट्याचा कोपरा

"येतानी तिचं पान नको धरू."

सासूबाई हे माझ्या थोरल्या जाऊबाईंना, रूपालीताईंना म्हणाल्या, स्वयंपाकघरात, बट्ट्यांचं पीठ मोजताना. मी दाराबाहेर माझे कॉलेजचे ट्रेकचे बूट झटकत बसले होते. पान जेवणाचं, आणि ती म्हणजे मी. धुळ्याच्या देवपुरातून लग्न होऊन या केळीच्या गावात येऊन मला दीड महिना झाला होता, तरी प्राची हे नाव त्या घरात अजून कोणाच्या तोंडी बसलं नव्हतं.

मला वाटलं, नव्या सुनेला उपास असेल. किंवा देवदर्शन झाल्यावर तिथूनच मला माहेरी धाडायचा बेत असेल. तेही चाललं असतं.

गंमत म्हणजे देवदर्शनाची ती सहल मीच आखली होती. झिरीमायचं देऊळ सातपुड्याच्या आत, गाडीरस्ता संपल्यावर सागाच्या जंगलातून दोन तास चढण. "तू डोंगर चढेल हाय ना? मग सांग कसं जायचं," असं सासूबाई म्हणाल्या, आणि मी हुरळून गेले. सहाला निघायचं, माणशी दोन बाटल्या पाणी, दोनपर्यंत खाली, मग झाडाखाली वरण-बट्टी. यादी वाचून त्या म्हणाल्या, "धुळ्याची पोरगी लिहिते बरी. बोलते तेवढं वाईट." माझ्या तोंडून चुकून 'आहे'च्या जागी आमचं अहिराणी 'शे' गेलं होतं, 'वरणात मीठ कमी शे', त्याचा तो टोला. "आपल्या घरात मीठ असते. तुहं शे-बिशे धुळ्याले पांझरा नदीत सोडून ये."

निघताना त्यांनी अंगणातले खडे वेचून कमरेच्या पिशवीत टाकले. माझं लक्ष ओट्याकडे गेलं. पोपटी ऑइलपेंटचा ओटा, आणि त्याचा एक कोपरा उडालेला.

"हितेंद्रचा प्रताप," थोरले दीर युवराजभाऊ गाडी काढता काढता म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी डोंगरावर न्यायला फोडला. मित्रांसंगे गेला होता तेव्हा."

"तेव्हाच हे हरवले होते ना?" मी नवऱ्याकडे बघत विचारलं.

युवराजभाऊंनी गाडी सुरू केली. पण ती गोष्ट मला सोयरिकीच्या वेळीच कळली होती. तीन दिवस गाव जंगल धुंडाळत होतं. चौथ्या दिवशी हितेंद्र भलत्याच बाजूनं, केळीच्या बागेतून चालत घरी आला. अंगावर एक ओरखडा नव्हता. माझा नवरा शांत माणूस आहे. झोपेत कूस बदलत नाही. त्याला घाम येत नाही. मला वाटायचं, बरं झालं, शर्ट कमी मळतात.

जंगलाच्या तोंडाशी एक दगडी चौथरा आहे. आम्ही गाडी तिथेच, हाकेच्या अंतरावर लावली. वर जाणाऱ्यानं आपल्या घरचा दगड चौथऱ्यावर ठेवायचा आणि उतरताना उचलून नाल्यात टाकायचा, अशी तिथली रीत. ज्याचा दगड खाली, त्याला डोंगर परत पाठवतो. ज्याचा नाही, त्याच्याबद्दल डोंगराला कोणी विचारत नाही.

सासूबाईंनी तीन दगड ठेवले. स्वतःचा, युवराजभाऊंचा, रूपालीताईंचा.

"आई, यांचा?"

"त्याले नाही लागत. त्याले डोंगर ओळखते."

"आणि माझा?"

"पहिले वर तर चल."

चौथऱ्याच्या मागच्या कडेला, पाल्यात अर्धा बुडालेला सिमेंटचा एक तुकडा होता. दोन पावसाळ्यांचं शेवाळ चढलेलं, पण खालून पोपटी रंग दिसत होता. तो सगळ्यांच्या नजरेसमोर होता आणि सगळे दुसरीकडे बघत होते. मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले. तळाच्या खाचेत एक गुळगुळीत खडा रुतलेला होता, पांझरेच्या पात्रातला, कॉलेजच्या दिवसांपासूनचा. तो मी केसातल्या पिनेनं उकरला आणि कोणाच्या नकळत चौथऱ्यावर सरकवला.

का ठेवला, ते मलाही सांगता येणार नाही. ते पानाचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, एवढंच.

फाल्गुनातलं ऊन, आणि सागाची पानं पापडासारखी वाळलेली. पाऊल टाकलं की असा आवाज व्हायचा, की बोलणं ऐकू येईना. म्हणून मी आवाजच ऐकत चालले. युवराजभाऊंचं पाऊल जड. सासूबाई चप्पल घासत चालायच्या. रूपालीताईंची पावलं घाईची, आणि माझे बूट. चार जणांचा आवाज. मी पुन्हा कान दिला. चारच. आणि माझ्या दोन हात पुढे, त्याच पानांवरून, हितेंद्र चालत होता.

त्यानं मागे वळून पाहिलं, हसला. मी पण हसले. काय करणार?

देऊळ म्हणजे कड्याखालची एक कपार. आत शेंदूर, ओल, आणि वटवाघळांचा उग्र वास. हाच वास रोज रात्री माझ्या उशीशेजारी असायचा, हे मला तिथे उभं राहिल्यावर समजलं.

"नव्या सुनेनं कपारीत बसायचं," सासूबाई म्हणाल्या. "तोंडावर पदर. हाक येईपर्यंत उठायचं नाही."

माझी ओटी भरायला रूपालीताई वाकल्या. त्यांच्या हातातले तांदूळ सांडत होते.

"प्राची..." दीड महिन्यात पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. "हाक येणार नाही. आईंनी नवस बोललेला... हितेंद्रभाऊ हरवले तेव्हा. पोरगा परत दे, त्याची बायको तुले देते..."

"रूपाली!" बाहेरून आवाज आला. त्या गेल्या.

मग पानं वाजली. जड पाऊल, घासणारी चप्पल, घाईची पावलं. लांब गेली, विरली. तीन जण गेले होते. चौथा गेला की नाही, हे कळायला मार्गच नव्हता. त्याचं पाऊल वाजत नव्हतं. म्हणून मी उठले नाही. पदराच्या आत डोळे मिटून बसले. समोर कोणी उभं आहे की नाही, ते ठरवता येत नव्हतं. तो वास होता... पण वास तर कपारीचाही होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग वरून, कड्याच्या दिशेनं, हाक आली. घसा बसलेली. माझ्यासाठी नव्हती.

"आई... दगड नको उचलू... येऊ राहिलो मी..."

आवाज हितेंद्रचा होता. मी पदर काढला. समोर कोणी नव्हतं. सांडलेल्या तांदळावर माझ्या जावेच्या पावलाचा ठसा तेवढा होता.

मी धावले नाही. उतरणीला धावायचं नसतं, हे ट्रेकवर शिकवतात. मी चालत राहिले, आणि माझ्यामागे पानं वाजायला लागली. लंगडत, थांबत, पण वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची. मी वळून पाहिलं नाही. आणि खरं सांगते, त्या आवाजाची मला भीती वाटली नाही. वाजणारं पाऊल होतं ते.

चौथऱ्यावरचे त्यांचे तीन दगड उचललेले होते. माझा खडा होता. पोपटी कोपरा होता. माझा मी उचलला. दुसऱ्याला हात लावला नाही.

गाडीपाशी, झाडाखाली, केळीची चार पानं मांडलेली. वरणाचा वास सुटला होता. मला पाहून युवराजभाऊंच्या हातातली बट्टी पडली. रूपालीताई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. सासूबाईंची तुपाची वाटी अधांतरी राहिली.

"तू... कशी आली?"

कुठे होतीस, असं त्यांनी विचारलं नाही.

हितेंद्रच्या पानावरचं सगळं जसंच्या तसं होतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या खांद्यावरून मागे, जंगलाच्या तोंडाकडे बघत होता. तिथे पानं वाजली... आणि चौथऱ्यापाशी येऊन थांबली. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. लग्नानंतर पहिलाच.

मी पांझरेचा खडा मुठीत घट्ट धरला.

"आई," मी म्हणाले, "नवस कशाचा फेडताय? तुमना हितेंद्र आजून डोंगरवरच शे."