थोरलीने अंगावर घेतलेला आळ

“तुमची धाकटी सून म्हणजे देवाची देणगी आहे!” अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी प्रार्थना करून उठताना फादर म्हणाले. “उपवासकाळ सुरू झाल्यापासून रोज वृद्धाश्रमात येते, निराधार म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालते.”

“धाकटी आहेच गुणाची!” सासूबाई म्हणाल्या, आणि चहा घेऊन आलेल्या थोरलीकडे बोट करून कडाडल्या, “आणि ही! हिनं जिन्यावर साबणाचं पाणी सोडलं, म्हणून मी जन्माची पांगळी झाले!”

थोरलीनं कप ठेवले. हे शब्द तिला नवे थोडेच होते?... जिना धाकटी धूत होती. काम अर्धवट टाकून ती फोन घ्यायला धावली, आणि सासूबाई घसरल्या. धाकटीला तेव्हा दिवस गेले होते. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं... भीतीनं पांढरीफटक पडलेल्या त्या पोरीकडे पाहून थोरलीच्या तोंडून निघून गेलं, “माझ्याच हातून झालं!” तेव्हापासून सासूबाईंची कूस बदलायची तिनं, पाठीला पावडर लावायची तिनं, आणि शिव्याशापही खायचे तिनंच!

फादर जाताच धाकटी स्वयंपाकघरात आली. “जाऊबाई, मी आज आईंना सगळं सांगणार.”

“वेड लागलंय का? झाकली मूठ झाकलेलीच राहू दे!”

“परक्या म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं काढलं, फादरांजवळ पाप कबूल केलं, देवानं क्षमा केली म्हणाले... पण घरी आलं की तुमच्याकडे बघवत नाही हो!”

थोरली दार अडवून उभी राहिली. आपण हिला अडवतोय ते हिच्या काळजीपोटी?... की इतकी वर्षं मनातल्या मनात मिरवलेला निष्पापपणा आता हातचा जाणार म्हणून? ती बाजूला झाली.

धाकटी सासूबाईंच्या खोलीत गेली, आणि आतून तिचे हुंदके ऐकू आले. मग सासूबाईंची हाक आली.

“थोरले, आत ये.”

धाकटी पलंगाच्या पायथ्याशी कोसळली होती.

“खरं आहे हे?” सासूबाईंनी विचारलं.

“हो, आई. हिच्या पोटातलं लेकरू वाचावं म्हणून...”

“ते वाचलं! मग नंतर का नाही बोललीस? तू सोसत राहिलीस, आणि मला मात्र एका निरपराध बाईला रोज शाप देऊ दिलेस! माझ्या पापाचा विचार केलास कधी?”

एक ना एक दिवस सासूबाई रडत क्षमा मागतील आणि आपण ती मोठ्या मनानं देऊ, हे थोरलीनं कितीदा तरी कल्पिलं होतं... आता तीच पलंगाशी खाली बसली. “चुकले, आई!”

“चुकलो सगळ्याच...” सासूबाईंनी तिचं डोकं छातीशी ओढलं. “मी तर सगळ्यांहून जास्त. मला पदरात घे गं, पोरी!”

मग डोळे पुसत त्या थोरलीला म्हणाल्या, “उद्यापासून आश्रमात तू जा. माझं सगळं ही करेल.”

“तिला जमायचं नाही, आई. कूस बदलताना दुखवेल तुम्हाला.”

“दुखू दे!” सासूबाई म्हणाल्या. “शिकेल हळूहळू.”