डावीकडची सीट

पडवीत स्वतः बांधलेल्या या गाडीमुळे विष्णूला मिळणार होती मुंबईच्या कारखान्यातली नोकरी, सोयऱ्याधायऱ्यांची वाहवा नि कर्जतभर नाव; त्याच्या थोरल्या बहिणीला, चारुलतेला, मिळणार होती फक्त डावीकडची सीट. आणि घाट चढायच्या त्या रविवारी सकाळी विष्णू नेमकी तीच सीट खोलत बसला होता!

"वजन होतंय, अक्का..." तो ओशाळून तिच्याकडे बघत म्हणाला. "कारखान्याचे मालक खोपोलीला येणार. त्यांच्यादेखत चढली, तरच..."

"काढ रे, काढ. मी बसेन मागाहून कधीतरी," म्हणत पाना तिनंच पुढे केला.

आईवडलांमागे या भावाला वाढवताना तिनं दोन स्थळं परतवली होती. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या जीपचं इंजिन घरी आलं, तेव्हा पडवी दिली. मग दोन वर्षं विष्णू बाहेरून पत्रा ठोकायचा आणि ती आत वाकून, कानाशीच लोखंडी ठोकळा पत्र्याला दाबून बसायची.

शेजारच्या भागूबाईनं गवताचा भारा टेकवला. "अगं बाय, दोन वरसं ठोकलंत तुमी, नि बसाया जागा नाय? यापरास माजी म्हैस बरी!"

चारुलता नुसती हसली. हल्ली ती सगळ्यालाच नुसती हसायची.

विष्णूनं हँडल मारलं. ती लाल, बुटकी गाडी धडधडली, थरथरली... आणि फटकन बंद पडली! तो बॉनेट उघडणार, तोच ओट्यावरून अक्का कौतुकानं म्हणाली, "किती गोड आवाज आहे रे! सतारीसारखा!"

पडवीत चिमणीसुद्धा बोलत नव्हती.

विष्णूनं बॉनेट तसंच सोडलं. तो तिच्या पाठीशी गेला, हाक मारली... एकदा, दोनदा. ती वळली नाही. खांदा धरून त्यानं तिला वळवलं. "कधीपासून, अक्का?"

ओठांवरून तिला प्रश्न कळला. "गेल्या दिवाळीपासून... सांगितलं असतं, तर हातोडा खाली ठेवला असतास, वेड्या!"

त्याला हुंदका आवरेना! सीट पुन्हा बसली, एकेक बोल्ट कसून; आणि तिच्यावर अक्का.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर दोघांच्या भारानं गाडी वाफ सोडून थांबली. मालक घड्याळ बघून निघून गेले. परतताना विष्णू वाटभर बोलत होता... चुकलो म्हणाला, जन्मभर सांभाळीन म्हणाला. चारुलता पदर सावरीत समोरचा रस्ता बघत होती, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्यापर्यंत पोचलं नाही.

मालकांचा एक रविवार गेला, विष्णूची नोकरी गेली. चारुलतेचं जायचं ते आधीच गेलेलं होतं.