आधी दगड, मग वाळू

काचवाल्याने आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. त्याच्या स्वतःच्या मोरीच्या खिडकीला मात्र अजून पुठ्ठाच होता. मुलाची फिशटँकही अशीच रखडली. "बाबा, पाच काचा तर कापायच्यात," म्हणून पोरगा मागे लागायचा आणि हा "होईल रे सावकाश" म्हणत गिऱ्हाइकाकडे पळायचा. पोराला घरात बेडक्या म्हणत, कारण धड चालता येत नव्हतं तेव्हापासून तो बादलीत शिरून बसायचा. मोठेपणी कामही त्याने पाण्यातलंच धरलं. बंदराच्या धक्क्याची पाण्याखालची भिंत तपासायची, निखळलेले दगड परत बसवायचे. एके दिवशी ती भिंतच त्याच्यावर कोसळली. हवेची नळी तुटून वर आली, बेडक्या आला नाही. ढिगारा उपसणं कोणाला जमेना, आणि शेवटी शोध थांबला.

"कळलंही नसेल हो त्याला," मुकादम म्हणाला होता. "लगेच गेला."

त्या वाक्यावर बेडक्याची आई तगून होती. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. हाताला धरून जेवायला बसवलं की पहिला घास घेण्याआधी विचारायची, "लगेच गेला ना हो तो?"

"लगेच," काचवाला म्हणायचा. मग ती दोन घास खायची. रोज तेच. हा एक शब्द चुकला तर बाई हातची जाईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घरात काहीतरी हलतं-फिरतं असावं, म्हणून त्याने अखेर काचा कापल्या आणि टँक जोडली. बेडक्याच्या खोलीत टँकच्या तळाएवढा पुठ्ठा अंथरलेला होता आणि त्यावर त्याने स्वतः दगड रचून ठेवले होते. समुद्रातले, भोकाभोकांचे, उन्हात वाळून पांढरेफटक पडलेले. मधोमध एक गुहा. काचवाल्याने प्रत्येक दगडावर खडूने खूण केली, जुन्या खिडकीचे तुकडे उतरवताना करायचा तशी, आणि रचना जशीच्या तशी टँकमध्ये नेली.

फक्त एक गोष्ट त्याने उलटी केली. बेडक्या बजावून सांगायचा, "आधी दगड, मग वाळू. दगड वाळूवर ठेवलात आणि कोणी खालून उकरलं, तर सगळं कोसळतं." पण काचवाल्याचा जीव काचेत. एवढा जड दगड नुसत्या काचेवर ठेवायला त्याचा हात होईना. त्याने आधी वाळूची गादी केली. अजून एक मासा नाही की शिंपला नाही, उकरणार कोण?

मीठ विरघळवलेलं पाणी भरलं तेव्हा सगळं दुधासारखं गढूळ झालं. गाळ खाली बसला आणि गुहेच्या तोंडाशी वाळूचा लहानसा ढीग दिसला.

टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या मोटरच्या झोताने झालं असेल, असं म्हणून त्याने मोटर दुसरीकडे वळवली. ढीग वाढला. त्याने मोटर बंद केली. ढीग वाढतच राहिला. फिशटँकच्या दुकानातल्या बाईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "दगडात एखादा खेकडा लपून आला असेल हो."

"अहो, दगड किती महिने कोरडे पडून होते."

"मग उचलून बघा एकदा," बाई म्हणाल्या.

टकटक पहिल्यांदा ऐकली ती बेडक्याच्या आईने. दगडाखालून येणारी, दबकी, थांबून थांबून. ती उठली. खुर्ची ओढून टँकपाशी बसली. केस विंचरले, चहा मागून घेतला. "आत काहीतरी जिवंत आहे हो," असं म्हणाली आणि हसली. काचवाल्याला भरून आलं. त्याने दगडाला हात लावायचा विषय काढला, तर तिने साफ धुडकावला. "उगाच खोड्या काढू नका. त्याचं त्याला करू द्या."

पण गुहेवरचा दगड खचत चालला होता. गुहेचं तोंड बुजत आलं होतं, आणि टकटक मंदावत होती. चूक आपली, आपणच निस्तरायला हवी, असं त्याच्या मनाने घेतलं.

त्या दुपारी ती कित्येक महिन्यांनी घराबाहेर पडली. माशांचं खाणं आणायला.

त्याने बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि मधला दगड उचलला.

दगड खालून कोणी धरल्यासारखा जड लागला. मग सुटला. एक मोठा बुडबुडा निघाला, त्याच्या हाताला घासत वर आला आणि फुटला.

पेपरमिंटचा वास आला.

पाण्यात उतरताना बेडक्या जिभेखाली पेपरमिंटची गोळी ठेवायचा. तोंडात धरायच्या हवेच्या नळीच्या रबराची चव नको म्हणून.

दगडाखाली ओंजळीएवढा खळगा होता. खळग्याच्या कडेला वाळूत चार रेघा होत्या, शेजारी शेजारी. दगडाची खालची बाजू घासून घासून गुळगुळीत झाली होती. बाकी काही नव्हतं.

टकटक थांबली होती.

"बेडक्या?" तो म्हणाला.

त्याने दगड परत जागेवर ठेवला. वाटी उपडी धरून पाण्याखाली नेली आणि तिच्यातली हवा दगडाखाली सोडली. दगडाच्या भोकाभोकांतून ती सगळी वर आली. त्याने पुन्हा वाटी भरून नेली. पुन्हा वर आली. तो रडत होता आणि वाटी नेत होता. थेंबभर हवा तिथे टिकेना.

संध्याकाळी ती खाण्याची डबी मांडीवर घेऊन टँकसमोर बसली. "आज गप्प आहे," म्हणाली. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाली, "फारच गप्प आहे."

त्याने ताटं वाढली. ती येऊन बसली. घास हातात धरून तिने विचारलं, "लगेच गेला ना हो तो?"

"हो," काचवाला म्हणाला. आज त्याला ते खात्रीने सांगता येत होतं; त्याच्याच हाताखाली गेला होता. "लगेच."

तो तिला पाणी द्यायला वाकला. तिने त्याचं मनगट धरलं, हात नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. मग हातातला घास ताटात परत ठेवला.