शीतगंधा

पुण्याच्या दुकानदाराने मसाल्याची सगळी पाकिटं परत पाठवली, तेव्हा उंबरणीच्या कांडप केंद्रात त्याचा यथेच्छ उद्धार झाला. मसाल्याला करपट वास येतो, असं त्याचं म्हणणं. केंद्रातल्या बायकांनी एक पाकीट फोडलं, आळीपाळीने हुंगलं, एकमेकींच्या नाकाखाली धरलं आणि कुठे काही करपलेलं नाही असा निकाल देऊन टाकला. रुक्सानाभाभी तर म्हणाल्या, की धूर खाऊन खाऊन शहरातल्या लोकांची नाकंच कामातून गेलीत. सगळ्या हसल्या. कुमुद साळवीही हसली. केंद्र तिचं होतं, खोबरं तिने स्वतःच्या हाताने भाजलं होतं आणि इतक्या वर्षांत तिच्या हातून मसाला कधी बिघडला नव्हता.

केंद्राच्या दारात शीतगंधा फुलली होती. ती बारा महिने फुललेलीच असे. जनुकं बदलून प्रयोगशाळेत घडवलेलं हे झाड वर्षभरात माडीच्या उंचीला जाई आणि पांढऱ्या फुलांच्या घोसांनी वाकून जाई. ऋतध्वज केमिकल्सने ते गावाला फुकट दिलं होतं. प्रत्येक दारात एक, शाळेभोवती रांगेने, देवळाच्या पारापाशी दोन. पाहुणे आले की पहिल्यांदा त्या सुवासाचं कौतुक करत, आणि गावकऱ्यांनाही ते ऐकायला बरं वाटे.

पूर्वी उंबरणीत पाहुणे येत नसत. गावाच्या वरच्या अंगाला ऋतध्वजचा कारखाना, आणि वारा फिरला की सडक्या लसणासारखा वास गावावर उतरे. माणसं भरल्या ताटावरून उठत. पोरं ओकत. मग तक्रारी जात, तपासणीची गाडी येई, कारखाना काही दिवस बंद पडे, पुन्हा सुरू होई. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. आणि मग एक दिवस कंपनीच्या सामाजिक बांधिलकी विभागाचे निषाद देवस्थळी गावात आले. गोड बोलणारा माणूस. पंगतीत मांडी घालून जेवला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, आणि गावची एक रीतही शिकून गेला.

उंबरणीत ज्या घरी मिरच्या भाजतात, त्या घराने शेजारीपाजारी मसाल्याची वाटी पाठवायची असते. आमच्या धुराने तुम्हाला ठसका लागला, तेवढं गोड मानून घ्या, असा त्याचा अर्थ. तिला ठसक्याची वाटीच म्हणतात. ती परत पाठवणं म्हणजे उभ्या जन्माचं वैर. देवस्थळी ग्रामसभेत हात जोडून म्हणाले, की ही झाडं म्हणजे आमच्या कारखान्याकडून आलेली ठसक्याची वाटी समजा. झालं! कारखान्याच्या गाड्यांपुढे आडवं पडणारं गाव तिथल्या तिथे विरघळलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत कुमुद पहिली होती.

पाकिटं परत आली त्याच आठवड्यात ती माहेरी, हिरडेवाडीला गेली. धाकटा भाऊ सदानंद तिथला सरपंच. त्याच्या नातवाचं बारसं होतं. बारशाच्या गडबडीतच सदानंदने विषय काढला. ऋतध्वजवाले इथेही शीतगंधा लावू म्हणतात, पुढच्या ग्रामसभेत ठराव आहे, लोक बिचकताहेत. अक्का, तुझ्या दारात झाड आहे, तू म्हणशील तसं करू, असं तो म्हणाला. अक्का म्हणाली, लाव की, त्यात विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती गोठ्यातल्या शेणाच्या वासाने. मग बंबाच्या धुराचा वास आला, मग परसात सडलेल्या फणसाचा. ती अंथरुणात बसून राहिली. आपण हे वास विसरलो होतो, हे तिला तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात गेली तर काहीतरी जळकं जळकं येत होतं. तिने चूल पाहिली, फडकं पाहिलं. भावजय शैला चाचरत म्हणाली, की वन्सं, राग मानू नका, पण तुम्ही आणलेला मसालाच करपलाय. कुमुदने पाकिटात नाक घातलं. दुकानदार बिचारा खरंच बोलत होता.

परतताना ती एसटीने उंबरणीच्या फाट्यावर उतरली आणि सडक्या लसणाच्या वासाने तिचे डोळे चुरचुरले. तो पूर्वीचाच वास होता, किंबहुना जास्तच उग्र. पदर नाकाला लावून ती चालू लागली. देवळाच्या पारापाशी घाणीत फुलांचा सुवास मिसळला, आणि घर येईपर्यंत नुसता सुवास उरला. बाईने मग काय केलं असेल? तशीच उलटी फिरली, फाट्यावरच्या निवाऱ्यात वास परत येईपर्यंत बसून राहिली आणि पुन्हा गावात आली. पुन्हा तेच. हवा तीच होती. बदलत होतं ते तिचं नाक.

दुसऱ्याच दिवशी ती देवस्थळींच्या कार्यालयात जाऊन बसली. त्यांनी चहा मागवला, आणि तिने विचारलं तसं सगळं सांगूनही टाकलं. माणूस खोटं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. फुलांतून एक सूक्ष्म द्रव्य हवेत पसरतं आणि नाकातल्या काही गंधग्राही पेशींना झोपवतं. सगळ्या नव्हे; सडकं, जळकं, गंधकाचं जे काही असेल तेवढंच कळेनासं होतं. कंपनीत त्याला गंधनिद्रा म्हणतात. त्याने शरीराला अपाय काही नाही, झाडांपासून दूर गेलं की पेशी जाग्या होतात.

"आणि कारखान्याचा वायू?" कुमुदने विचारलं.

"तो आहे तेवढाच आहे," देवस्थळी म्हणाले. "धूर धुणारी यंत्रणा बसवायचं ठरलं होतं, ताई. पण तपासणी होते ती तक्रारीवरून. आता तक्रारच येत नाही, तर संचालकांना मी काय सांगू? उलट ह्या झाडांसाठी कंपनीचा सत्कार झाला."

तिला संताप आला. ह्या माणसाला आपण पानात वाढलं होतं. पण तिच्या डोक्यात आता वेगळंच घोळत होतं.

"हिरडेवाडीत तर कारखाना नाही. तिथे झाडं कशाला लावता?"

देवस्थळींनी कप बशीत नीट ठेवला. "पुढच्या वर्षी पाया घालतोय तिथे. उंबरणीत आम्ही आधी कारखाना उभारला आणि झाडं मागून लावली. लोकांना फार त्रास झाला. ती चूक परत करायची नाही."

अंगावर काटा यावा अशा शांतपणे तो बोलला. जाताना त्याने दारापर्यंत सोडलं, आणि गावाला खुशाल सांगा, आमचं काही म्हणणं नाही, असंही म्हणाला.

त्याला काळजी का नव्हती ते कुमुदला केंद्रावर कळलं. तिने बायकांना सगळं सांगितलं, माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चला म्हणून विनवलं. कोणी मान खाली घालून मिरच्यांची देठं खुडत बसली, कोणी विषय बदलला. शेवटी रुक्सानाभाभी बोलल्या.

"कुमुद, तू म्हणतेस ते खरंच असेल. पण वास गेल्यापासून माझी लेक सुट्टीला चार दिवस राहते. जावई मुक्काम करतो. तो वास परत आणून मी कुठे जाऊ, सांग?"

कुमुदची मुलं तरी कुठे येत होती पूर्वी? उंबरणीचं जे व्हायचं ते होऊन गेलं, असं तिने मनाशी धरलं. पण हिरडेवाडी अजून मोकळी होती. तिथे तान्हं पोर होतं. आपण "लाव" म्हटलं, तर "नको" म्हणायलाही आपणच जायला हवं. फोनवर सांगून पाहिलं, पण सदानंदला वाटलं, अक्काचं कंपनीशी काहीतरी बिनसलंय. म्हणून ग्रामसभेच्या दिवशी ती स्वतःच निघाली.

आणि हिरडेवाडीच्या वेशीवरच तिला तो सुवास आला. दारोदारी मोठ्या पिंपांतून शीतगंधा उभी होती, फुलांसकट. ठराव व्हायच्या आधीच कंपनीने झाडं नुसती पाहायला म्हणून पाठवली होती. परत न्यायला कोणी सांगितलं नव्हतं. इतकं सुंदर झाड कोण परत करणार?

सभेत तिने काही हातचं राखलं नाही. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शाळेतल्या गुरुजींनी उठून विचारलं, की ताई, हे सगळं इतकं वाईट आहे, तर तुम्ही अजून उंबरणीतच कशा राहता? ती म्हणाली, माझं घर आहे तिथे. कोणीतरी हसलं. सदानंदने तिला बाजूला घेतलं.

"अक्का, तू हो म्हणालीस म्हणून मी गावाला शब्द दिला. कारखाना आला तर पोरांना कामं मिळतील. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

घरी शैलाने नातवाला तिच्या मांडीवर ठेवलं. नुकतीच आंघोळ झालेलं, दुपट्यात गुंडाळलेलं पोर तिच्याकडे टकामका बघत होतं. कुमुदने वाकून त्याच्या टाळूला नाक लावलं. फुलांचा वास आला.

"आज धुरी दिली नाहीस का गं ह्याला?"

"आत्ताच तर दिली, वन्सं. गोवरी घातली, लसणाची सालं घातली. घरभर धूर झालाय, दिसत नाही का?"

दिसत होतं. शेगडी अजून धुमसत होती आणि धुराची निळसर रेघ पाळण्यापर्यंत गेली होती. कुमुदने पुन्हा हुंगलं, डोळे मिटून. तिला रडू आलं. तिला निदान ठाऊक होतं, की इथे लसणाचा वास असायला हवा, धुराचा असायला हवा. ह्या पोराचं नाक आता कुठे शिकायला लागलं होतं. उद्या कारखाना येईल, हा खोकेल, त्याच्या छातीत घरघर होईल, आणि दारात फुलं असतील. सडका वास म्हणजे काय हेच ज्याला कधी कळलं नाही, तो तक्रार कशाची करणार?