आठ हात जास्तीची केबल

पांडेसऱ्यातल्या आमच्या मोटर वायंडिंगच्या दुकानात त्या दुपारी मी एकटीच होते. दारात एक मुलगा येऊन उभा राहिला.

"तांब्याची तार मिळेल? थोडीशीच..."

"तार विकत नाही आम्ही. मोटर आणा, भरून देते."

"मोटर नाही... बार्ज आहे."

मला हसूच आलं. तो ललित. मगदल्ला बंदरातून कोळसा नेणाऱ्या बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटीवर कामाला. घर उधन्यात, मूळ आमच्यासारखंच धुळ्याकडचं. त्याच्या हातात एक काळं यंत्र होतं, जीपीएस. आकाशातले उपग्रह सापडले की आपण कुठे आहोत ते सांगणारं. सत्त्याण्णव साल संपत आलं होतं, तरी मी ते पहिल्यांदाच पाहत होते. बार्जच्या लोखंडी केबिनमध्ये त्याला एकही उपग्रह सापडत नव्हता. छपरावर अँटेना हवा होता, आणि विकतचा कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्यानं मासिकातून उतरवलेलं चित्र पुढे केलं. प्लास्टिकच्या नळीवर पीळ दिलेल्या चार तारा.

"जमेल तुम्हाला?"

"दिवसभर दुसरं काय करते मी?"

मग सुटी मिळाली की तो यायचा. तो नळी धरायचा, मी तार वळवायचे. मधेच माझे वडील, आप्पा, येऊन धुळ्याकडच्या बोलीत विचारायचे, "हाई काय शे?" आणि उत्तर न ऐकताच जायचे.

"सूतभर चुकलं तर?" ललितनं विचारलं.

"उपग्रह रुसतील."

"आणि तू?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

जानेवारीत आम्ही गच्चीवर अँटेना लावून पाहिला. आजूबाजूला पतंगांची धमाल. पडद्यावर दोनच उपग्रह आले. किमान तीन हवे होते. ललितचा चेहरा पडला. चूक मला लगेच दिसली. केबल दहा हात होती, गरज दोन हातांची. बारीक केबलीत सिग्नल वाटेतच विरत होता. कापायला पाच मिनिटं लागली असती.

"मंगळवारी ये," मी म्हणाले. "बघू परत."

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी आप्पांनी बातमी आणली... खंबातच्या आखातात धुक्यात एक बार्ज वाळूत रुतली आहे. त्या दिवशी माझ्या हातून एकही मोटर भरून झाली नाही.

शुक्रवारी तो आला. दमलेला, पण धडधाकट.

"मोठी भरती आली तेव्हा सुटलो. सगळे ठीक आहेत."

मी पकड घेतली, केबल कापली, टोक जोडलं. गच्चीवर गेलो. एक, दोन, तीन... पाच उपग्रह.

"एवढंच होतं?" तो म्हणाला.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, ललित. मी सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं, तर तू परत कशाला आला असतास?"

तो मागे सरकला. कठड्याला टेकून यंत्राकडे बघत राहिला. आता जाईल, मला वाटलं.

"माणसं होती गं बार्जवर," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे. म्हणूनच सांगितलं... रागावलास तरी चालेल."

"रागावलोय." मग यंत्र बंद करत, "आई रोज विचारते, पांडेसऱ्यात एवढं काय काम असतं. मी अँटेनाचं नाव सांगत आलो. तो तर आता झाला."

"मग आता काय सांगशील?"

"रविवारी घरी चल," तो म्हणाला. "तूच सांग."